मेघालीचं काही म्हणणं नाही

विसर्जन माझ्या तळ्यात आहे हे मला सगळ्या कॉलनीबरोबरच कळलं. मी त्या वेळी तळ्यातच उभी होते. सलवार गुडघ्याच्या वर खोचलेली, एका हातात कात्री, दुसऱ्या हातात पिवळं पडलेलं पान. कठड्यावर ठेवलेला फोन एकदा वाजला आणि मग वाजतच राहिला. ओल्या बोटाने तो उघडेना. कुर्त्याला बोट पुसलं, उघडला. 'सर्व रहिवाशांना कळविण्यात आनंद होतो की यंदा आपल्या बाप्पाचे विसर्जन पर्यावरणपूरक पद्धतीने, श्री. विनोद यांच्या निवासस्थानी, कमळाच्या तळ्यात करण्यात येणार आहे. मिरवणूक आज सायंकाळी निघेल.' खाली जोडलेले हात, कमळं, नारळ. मग एकेकाचं सुरू झालं. 'साक्षात कमळात बाप्पा!' 'वहिनींचे खूप खूप आभार.' 'फोटो छान येतील.' कुणीतरी विचारलं होतं, तळ्यात किती जण उतरू शकतील? त्यावर विनोदचं उत्तर, 'सात-आठ आरामात.' विनोद म्हणजे माझा नवरा, कॉलनीच्या कमिटीचा सेक्रेटरी. हे त्याने मांडवात खुर्चीवर बसून लिहिलं होतं, आणि मांडव आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. हाक मारली असती तरी मला ऐकू आली असती. सात-आठ आरामात. मी एकटी उतरताना जिथे श्वास धरून उतरते तिथे सात-आठ, आणि तेही आरामात. हातातलं पान मी चुरगळून टाकलं होतं, हे त्याचा चीक बोटांना लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आमच्या बोईसरच्या या कॉलनीत प्रत्येक घरामागे एक चिंचोळी जागा आहे. बिल्डरने नकाशात तिला उद्यान म्हटलं होतं. लोकांनी तिथे पत्रे टाकले आणि मोटारसायकली, रिकामे सिलिंडर, धुण्याचं मशीन असं सगळं भरून ठेवलं. आमच्या मागे बांधकामाच्या वेळचा पाण्याचा खड्डा तसाच राहिला होता. त्यात मी जाड ताडपत्री अंथरली, माझ्या माहेराहून, मासवणहून, भातशेतातली चिकणमाती पोत्यांतून आणली आणि तळं केलं. लोकांना वाटतं कमळ पाण्यात टाकून द्यायचं आणि पुढचं देव बघून घेतो. कमळाचा कंद आडवा ठेवायचा असतो, चिखलात बोटभर दाबून, आणि ज्यातून पान फुटतं ते टोक वर मोकळं ठेवायचं. त्या टोकाला नखाचा धक्का लागला तरी कंद गेला. वर एक चपटा दगड ठेवायचा, नाहीतर तो तरंगून वर येतो. पाणी आधी वीतभरच. पहिली पानं पाण्यावर निजतात, ती निजू द्यायची, मग हळूहळू पाणी चढवायचं, आणि एखादं पान पाण्याच्या वर देठावर उभं राहीपर्यंत जीव टांगणीला लावून बसायचं. पिवळं पान काढायचं तर पाण्याच्या वरच कापायचं. देठ आतून पोकळ असतो, कमळ त्यातून श्वास घेतं. तो पाण्याखाली तुटला की पाणी त्या नळ्यांतून थेट कंदात उतरतं आणि कंद आतल्या आत कुजायला लागतो, वर कित्येक दिवस काही कळत नाही. "पान्याखाली देठ मोडू नको गो, त्याच्या नाकात पानी जातं," असं आई म्हणायची. तळ्यात पाय ठेवायला म्हणून मी कडेकडेने विटा मांडल्या आहेत. त्या कुठे आहेत ते फक्त मला माहीत आहे, कारण या घरात दुसरं कुणी कधी तळ्यात उतरलेलं नाही.

आणि यंदा कळी आली आहे. आधीचे पावसाळे नुसती पानं येत होती. शेजारच्यांच्या पत्र्याची सावली पडते म्हणून येत नाही, हे मला उशिरा कळलं. मग मी तळं अर्ध्यावर नव्याने खणलं, कंद उन्हाच्या बाजूला सरकवला, आणि ह्या श्रावणात चिखलातून एक पेन्सिलीसारखं टोक वर आलं. पान असेल असं वाटलं होतं. पान गुंडाळलेलं असतं, हे गोल होतं. मी ते विनोदला दाखवलं तेव्हा तो फोनवर होता, त्याने मान हलवून छान छान केलं. आता ती कळी माझ्या खांद्याइतकी उंच आहे, गुलाबी रंग पाकळ्यांच्या शिवणीतून दिसायला लागलाय. उद्या नाहीतर परवा उमलेल. आणि आज संध्याकाळी सात-आठ माणसं प्लॅस्टरच्या मूर्तीसकट तिच्या मुळावर उभी राहणार आहेत. मोरया मोरया करत तीनदा खालीवर करणार आहेत. ताडपत्री फाटेल, देठ मोडतील, आणि मग सगळी माझे आभार मानून प्रसाद खात घरी जातील. मला इतका राग आला की मी पाण्यातून बाहेर यायचंच विसरले. राग आला की माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात. वर ऊन आणि खाली गार चिखल, आणि मध्ये मी, कान तापलेली, देवावर रागवावं की नवऱ्यावर हे ठरवत उभी. मी देव मानते, हे इथेच सांगते. पाच दिवस या कमिटीसाठी मोदकांची उकड मीच काढली. देवावर राग धरता येत नाही, तो काही बोललेला नसतो. बोललेला नेहमी विनोद असतो.

विनोदचं एक वाक्य आहे. 'मेघालीचं काही म्हणणं नाही.' लग्न झाल्यापासून मी हे वाक्य भिंतीपलीकडून ऐकत आले आहे. त्याच्या गावाहून, घिवलीहून, चुलतभाऊ नोकरीसाठी आला आणि आमच्या मुलीच्या, दीपालीच्या खोलीत राहिला, दीपाली दहावीला असताना. तेव्हा मेघालीचं काही म्हणणं नव्हतं. नणंदेच्या बाळंतपणाला माझी साठवलेली रजा गेली तेव्हाही नव्हतं. माझं शिवणाचं मशीन मी कारखान्यातून घरी आले तेव्हा जागेवर नव्हतं, समोरच्या सुताराच्या बायकोकडे गेलेलं होतं, ती बिचारी गरजू आहे म्हणे. गरजू होतीच, मी नाही कुठे म्हणते. मी स्वतःच दिलं असतं, तेच तर माझं दुखणं आहे. मी जे हौसेने दिलं असतं ते तो माझ्याआधी देऊन मोकळा होतो, आणि माझ्या वाट्याला फक्त मनाचा मोठेपणा दाखवणं उरतं. त्या बाईने मशीनवर शिवलेला फ्रॉक आणून दाखवला तेव्हा मी किती गोड हसले होते. तो माणूस वाईट नाही. दारू नाही, हात उचलणं नाही, घिवलीच्या वाडीतले नारळ आले की कॉलनीभर वाटतो. लोक म्हणतात, वहिनी, तुमचं नशीब. मनात मी त्याला अरे-तुरे करते आणि तोंडाने अहो म्हणते, आणि या दोन्हीच्या मध्ये माझी सगळी वर्षं गेली.

मासवणचं तळं पण असंच गेलं. आमच्या घरामागे, भाताच्या खाचरांच्या पलीकडे, सूर्या नदीकडे उतार लागतो तिथे ते होतं. वडील लवकर गेले. आई, प्रेमला तिचं नाव, तिने तळ्यात कमळ लावलं आणि शेवटपर्यंत त्याची उस्तवार केली. गुडघे गेले होते तरी लुगड्याचा काचा मारून उतरायची. पायांनी चिखल चाचपत चालायची, डोळे मिटून, तोंडाने काहीतरी पुटपुटत. मला वाटायचं मंत्र म्हणते. जवळ जाऊन ऐकलं तर ती शिव्या देत होती, खेकड्यांना. देठाला बारीक काटे असतात, तिच्या हातांवर कोपरापर्यंत कायम ओरखडे असत, आणि लग्नाकार्यात ती ते पदराने झाकून घ्यायची. ती गेली त्याच वर्षी पुंडलिकने, माझ्या भावाने, तिथे लग्नाचा हॉल काढायचं ठरवलं. रस्ता रुंद होणार, मनोरकडून गाड्या येणार. मी भाऊबिजेला गेले तेव्हा मुरमाचे ढीग येऊन पडले होते. मी म्हटलं, पुंडलिक, तळं राहू दे रे. तो म्हणाला, "त्या डबक्याचं काय करायचं हाय तुला? डास व्हतात नुसते. आनि तू काय इथं रायला येनार हायस?" हक्कसोडपत्रावर सही करायला मला पालघरला बोलावलं होतं, आणि सही करायची की नाही हे मी अजून ठरवत होते. मी खरंच ठरवत होते. मला जमीन नको होती, मला ते तळं हवं होतं, तेवढा तुकडा माझ्या नावावर राहू द्या असं म्हणायचं मी मनाशी घोळवत होते, वाक्य तयार करत होते, बसमध्ये, कारखान्यात, भांडी घासताना. आणि एका रविवारी विनोद फोनवर हसत हसत बोलताना ऐकलं, "छे छे पुंडलिकराव, मेघालीचं काही म्हणणं नाही. ती येऊन सही करेल." त्याला वाटलं तो मला भावाशी वाईट होण्यापासून वाचवतोय. त्याने नंतर तसं बोलूनही दाखवलं. सही केल्यावर मासवणच्या घरी वहिनीने मला साडी दिली, बहिणीला देतात तशी, कुंकू लावून, वाकून नमस्कार करून. साडी मी परत तिच्याच हातात दिली. म्हटलं, मला तळ्यातला एक कंद हवा. सगळे हसले. मी भर दुपारी चांगल्या कपड्यांनिशी त्या तळ्यात उतरले आणि पायाने चाचपून कंद काढला, त्याचं टोक ओंजळीत धरून बोईसरपर्यंत रिक्षात मांडीवर आणला. माहेरचा माझा वाटा म्हणजे तेवढा. त्याच्यावर कळी आली आहे.

विनोद चारच्या सुमारास चहाला घरी आला. नवा झब्बा, कपाळावर गुलाल, आवाज घोषणांनी बसलेला. कॉलनीत तो 'आहे' म्हणतो आणि घरात 'हाय' म्हणतो. घरात आल्यावर त्याची भाषा चप्पल काढते. मी ओट्याशी उभी होते, पाय अजून चिखलाचे. तो म्हणाला, "अगं पाय धुव, लोक येतील आता." मी विचारलं, "तुमी मला विचारलंत?"

"काय विचारायचं?"

"माझ्या तळ्यात विसर्जन करायचं ते."

"देवाचं काम हाय ते. त्यात विचारायचं काय?" तो खरोखर गोंधळला होता. "आनि दरवर्षी त्या गावच्या तळ्यावर काय गर्दी असते, बघितलंस ना तू. डीजे, चिखल. गेल्या खेपेला म्हातारे पडता पडता वाचले. आपल्याकडे कसं शांतपणे होईल."

मी त्याला सांगितलं. देठांचं सांगितलं, कंदाच्या टोकाचं सांगितलं, ताडपत्रीचं सांगितलं. मी रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते, मूर्तीच्या त्या पिवळ्याधमक पितांबरात आणि चंदेरी मुकुटात काय काय असतं ते मला पाठ आहे, तेही सांगितलं. प्लॅस्टर विरघळत नाही, तळाशी बसून दगड होतं, हे सांगितलं. माझा आवाज चढत गेला आणि त्याचा मऊ होत गेला. प्रत्येक कारणावर त्याच्याकडे उपाय होता. देठांना लागणार नाही, आपण कडेकडेने उतरू. ताडपत्री फाटली तर नवी आणू, ह्याच्यापेक्षा भारी. मूर्ती उद्या सकाळी मी स्वतः बाहेर काढीन, गुपचूप. कमळ मेलंच तर दुसरं, हल्ली घरपोच मिळतात, पांढरी पण मिळतात. दुसरं. त्याने दुसरं म्हटलं आणि बशीत चहा ओतला. तेव्हा मला कळलं की मी चूक करत्येय. कारणं दिली की माणूस कारणांशी भांडतो. मी सगळी कारणं गिळली आणि म्हटलं, "मला नको हाय. नाय म्हनजे नाय."

"बरं बरं, बघू," विनोद म्हणाला, चहा फुंकून प्यायला आणि झब्ब्यावर शिंतोडा उडाला नाही ना ते बघून गेला.

बघू म्हणजे तो गेलाच विसरून. दारातून बाहेर पडताना त्याची चाल बदलली, पाठ ताठ झाली, आणि समोरून येणाऱ्या कुणाला तरी त्याने लांबूनच हात केला. मी त्याची बशी इतक्या जोरात विसळली की तिचा कडेचा टवका उडाला. दीपालीचा पुण्याहून फोन आला, तिने ग्रुपवर वाचलं होतं. म्हणाली, "आई, तू मूर्ख आहेस का? सुकट सांग की." मला आधी कळेना. मग लक्षात आलं. कमळाला खत म्हणून मी सुकटीचा चुरा घालते, आई घालायची तसाच. रद्दीच्या कागदात छोट्या पुड्या बांधायच्या, कोपरापर्यंत हात चिखलात घालून कंदापासून लांब खोचायच्या. कमळ ते हळूहळू खातं. लोक ज्याला लक्ष्मीचं आसन म्हणून हात जोडतात ते बारमाही सुकटीवर पोसलेलं असतं, हे आम्हा मायलेकींना फार गमतीचं वाटत आलंय. "कमलेशभाई अध्यक्ष ना यंदा? त्यांच्या घरात अंडं आणलेलं चालत नाही," दीपाली म्हणाली. "पाण्यात सुकी मासळी आहे म्हण. सगळे असे पळतील ना! तुला भांडायला पण नको, बाबांचं पण काही जायला नको." ती हसत होती. सोपं होतं. इतकं सोपं की माझं अंग हलकं झालं, मी पण हसले आणि फोन ठेवला.

आणि मग तिथेच, स्वयंपाकघराच्या खिडकीशी, मांडवाकडे बघत असताना, माझा राग परत आला, आणि आधीपेक्षा मोठा होऊन आला. मांडवात आरतीची तयारी चालली होती, विनोद लाउडस्पीकरची वायर खांद्यावर घेऊन इकडून तिकडे जात होता. मी सुकट का सांगायची? माझ्या 'नको'ला किंमत नाही आणि सुकटीच्या वासाला आहे? मी पन्नाशीला आलेली बाई, कारखान्यात माझ्या सहीशिवाय रंगाचा एक डबा बाहेर जात नाही, आणि माझ्या घरामागच्या पाण्यात कुणी उतरू नये म्हणून मी त्याला ओवळं ठरवायचं? आईचे हात मला आठवले, पदराखाली झाकलेले. तिनेही असंच केलं असेल, आयुष्यभर, कुठल्या ना कुठल्या सुकटीच्या आडून आपलं म्हणणं पुढे सरकवलं असेल. पाळी आहे म्हणून सांगितलं असेल, अंगात आलं म्हणून सांगितलं असेल, उपास आहे, डोकं दुखतंय, नवस आहे. आम्हा बायकांकडे कारणांची कोठारं आहेत आणि त्या कोठारांत नुसतं नको हे एक तेवढं नाही. नाही, मी सुकट सांगणार नाही, असं मी ठरवलं, आणि सुकट न सांगता कमळ वाचेल याची मला अजिबात खात्री नव्हती. कमळ हवं की माझा हट्ट, असं कुणी विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं? मी पुन्हा मागे गेले. उन्हं उतरली होती, कारखान्यांकडून वारा सुटला होता आणि त्यात तो रोजचा आंबूस वास होता. कळी जराशी एका बाजूला कलली होती. मी तिला हात लावला नाही. रस्त्यावरून घराच्या कडेने मागे येणारा बोळ जिथे संपतो तिथलं गजांचं लोखंडी दार लोटलं आणि आतून कडी घातली.

ढोल आधी लांब, मग एकदम भिंतीशी आला. बोळ अरुंद आहे, दोन माणसं कशीबशी शेजारून जातील एवढाच, त्यामुळे सगळी मिरवणूक त्यात कोंबल्यासारखी झाली. पुढे विनोद आरतीचं ताट घेऊन, शेजारी अध्यक्ष कमलेशभाई, मागे चौघांच्या हातांवर पाटावर बाप्पा, मग बायका, पोरं, मोबाईल वर धरलेले हात. विनोदने दार ढकललं. ते उघडलं नाही. त्याने पुन्हा ढकललं आणि मग गजांतून मला बघितलं, मी आत उभी होते, तशीच, चिखलाच्या पायांनी.

"अगं, कडी काढ," तो हसून म्हणाला. लोकांसाठी हसला.

"नाही," मी म्हटलं.

ढोल वाजतच होता. "काय?" त्याने कान पुढे केला. मी पुन्हा म्हटलं, आणि या वेळी नेमका ढोल थांबला, त्यामुळे ते सगळ्या बोळात ऐकू गेलं. "नाही. माझ्या तळ्यात विसर्जन नाही करायचं."

बाप्पाच्या मागून कुणीतरी 'मोरया' म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. कमलेशभाई पुढे आले. भला माणूस आहे, नेहमी हात जोडूनच बोलतो. "भाभी, काय प्रॉब्लेम झाला? काय अडचण आहे तर सांगा ना. आम्ही समजून घेऊ."

"अडचण काही नाही, भाई."

"मग?"

"मला नको आहे."

हे बोलताना माझा आवाज फाटला, आणि डोळ्यांत पाणी आलं, रागाने येतं तसलं. बायकांत कुजबुज झाली. बाप्पा धरलेल्या चौघांचे हात भरून आले होते, एकाने पाट मांडीवर टेकवला. मी बाप्पाकडे बघितलं नाही, म्हणजे बघवलं नाही. आणि तेवढ्यात विनोद मागे वळला आणि मोठ्याने, हसऱ्या आवाजात, लोकांना म्हणाला, "अहो, लाजते ती सांगायला! तिने कालच तळ्यात सुकट टाकलीय. खत म्हणून. माझ्याच लक्षात राहिलं नाही बघा. आता बोला, बाप्पाला काय सुकटीत बुडवायचं?"

एका क्षणात बोळ सैल झाला. कुणी 'शी' केलं, कुणी हसलं, कमलेशभाईंनी रुमाल नाकाशी नेला आणि मान डोलावून म्हणाले, "अरे, मग आधी सांगायचं ना, भाभी! इतनी सी बात." बायका माझ्याकडे मायेने बघायला लागल्या. मागचे लोक वळायला लागले, टेम्पो बोलवा, गावच्या तळ्यावर चला, असं सुरू झालं. कमळ वाचलं होतं. विनोदने गजांतून माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर तोच भाव होता, हक्कसोडाच्या दिवशीचा. वाचवलं बघ तुला, असा. मी आता फक्त गप्प राहायचं होतं. मी गप्प राहिले असते तर सगळं झालं होतं. माझ्या तोंडातून निघालेलं एकमेव 'नाही' त्याने उचललं होतं आणि पुसून, साफ करून, आपल्या शब्दांत बसवून लोकांना देऊन टाकलं होतं, त्या शिवणाच्या मशीनसारखं.

मी गज दोन्ही हातांनी धरले. "काल नाही टाकली," मी ओरडलेच. "श्रावणाच्या आधी टाकलेली, ती केव्हाच विरून गेली. पाणी स्वच्छ आहे. पाण्यात काहीही वाईट नाही. बाप्पाला चालेल असंच पाणी आहे. मी नको म्हणते म्हणून नको."

वळलेली माणसं थांबली. आता कुणीच हसत नव्हतं. मला वाटलं, आता कमलेशभाई म्हणतील, मग उघडा दार, आणि चौघे आहेत, दाराची कडी काय, लाथ मारली तर निघेल. माझ्या मागे कळी होती आणि मी तिच्याकडे बघत नव्हते.  कमलेशभाईंनी हात जोडले, पण माझ्याकडे न बघता. "ठीक आहे, भाभी. तुमची मर्जी." मर्जी हा शब्द त्यांनी शिवी दिल्यासारखा उच्चारला. चालेल. मला तोच हवा होता. बाप्पा फिरवायला बोळात जागा नव्हती, म्हणून चौघे तसेच मागे मागे सरकत गेले. बाप्पाचं तोंड बोळ संपेपर्यंत माझ्याकडे होतं आणि आता मी त्याच्याकडे बघितलं, आणि हात जोडले. ढोल पुन्हा सुरू झाला तो कोपऱ्यावर गेल्यावर.

विनोद गेला नाही. ताटातला कापूर जळून गेला होता, त्याची काजळी त्याच्या अंगठ्याला लागली होती. त्याचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता, उतरलेला नव्हे, रिकामा. "लोकांसमोर माझी लाज काढलीस," तो म्हणाला. मी म्हटलं, "होय." त्याने दार ढकललं, सवयीने. कडी खणकली. "उघड आता. गेले सगळे." मी हलले नाही. त्याने इकडेतिकडे बघितलं. पुढच्या दाराची किल्ली त्याच्या खिशात होती, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. वळसा घालून तो केव्हाही घरात येऊ शकत होता. तो गेला नाही. ताट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, घसा साफ केला, आणि अगदी हळू, घरातल्या भाषेत, मला म्हणाला, "मी आत येऊ काय?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि ज्याचं उत्तर त्याला आधीच माहीत नाही असं काहीतरी त्याने मला पहिल्यांदाच विचारलं होतं. मी कडीवर हात ठेवला आणि विचार करायला लागले.